दिलेला होकार कोणाचा?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील गोष्ट. रविवारची सकाळची मिस्सा आटोपून आम्ही पूजावस्त्रे उतरवीत होतो. आठ वाजले नव्हते, तरी वर्ध्याचे ऊन अंगणात उतरले होते. मंडळी घरोघर पांगली होती. एक तरुणी मात्र दाराशी उभी होती. तिच्या हातात घडी घातलेले दोन कागद होते. तिला आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ओळखतो. जे पुढे लिहीत आहोत ते तिच्या संमतीने आणि तिची ओळख कोणास पटणार नाही अशा बेताने लिहीत आहोत.

परिचारिकेचा अभ्यासक्रम तिने नुकताच पुरा केला होता. पहिला कागद जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातील लहानशा धर्मादाय रुग्णालयाचा होता. तीन आठवड्यांपूर्वी तिची तेथे मुलाखत झाली, निवड झाली, आणि एक जूनपासून रुजू होते असे तिने लिहून दिले होते. दुसरा कागद नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयाचा. पगार दुपटीहून अधिक, राहण्याची सोय, आणि रुजू होण्याची तारीख तीच, एक जून. घरी पाच एकर कोरडवाहू शेती. कापूस आणि तूर पिकते ती पावसाच्या मर्जीने. सोसायटीचे कर्ज थकलेले, सावकाराचे त्याहून जुने, आणि धाकट्या भावाची कॉलेजची फी डोक्यावर. आई म्हणत होती, असा योग पुन्हा येत नसतो. काकांनी तर वाटच दाखवून दिली होती, “जायचेच नाही. त्यांचा फोन आला तर उचलायचा नाही. नोकरी म्हणजे काय लग्न आहे?”

“फादर, मी त्यांना हो म्हणून बसले आहे. आता काय करू?” तिने विचारले.

आम्ही तिला लगेच उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी ये, असे सांगून परत पाठविले. उत्तर ठाऊक नव्हते म्हणून नव्हे, तर जे उत्तर ओठांवर आले ते देण्याचा अधिकार आम्हांस आहे की नाही, याची शंका वाटली म्हणून. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे आणि महिन्याकाठी ज्याला कोणाकडे हात पसरावा लागत नाही, अशा माणसाने गरिबाच्या लेकीला ‘शब्द पाळ’ म्हणून सांगणे सोपे असते. त्या दोन दिवसांत आम्ही जो विचार केला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. असे दोन कागद आज ना उद्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी येणार आहेत.

प्रथम काकांच्या प्रश्नाकडे वळू. नोकरी म्हणजे काय लग्न आहे? नाही, लग्न नव्हे. पण लग्नाच्याच बाबतीत ख्रिस्तसभेचा नियम काय आहे, हे पाहण्यासारखे आहे. १९८३ च्या विधिसंहितेतील १०६२ वे कलम वाङ्‌निश्चयाविषयी आहे. विवाहाचे वचन दिले म्हणून विवाह लावून द्या, अशी मागणी कोणालाही करता येत नाही. मात्र वचन मोडल्यामुळे जे नुकसान झाले असेल त्याची भरपाई मागता येते, असे ते कलम सांगते. यातला विवेक किती सूक्ष्म आहे पाहा! माणसाला ओढून वेदीपाशी उभे करावयाचे नाही, पण त्याने दिलेला शब्द वाऱ्यावर गेला असेही समजावयाचे नाही. हात मोकळे राहतात, पण देणे उरते.

देशाच्या कायद्याचा कलही असाच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, स्वीकृती समोरच्या माणसाला कळण्यापूर्वी आपण ती मागे घेऊ शकतो. एकदा ती त्याला कळली की करार बांधला जातो. मग नोटीस, मुदत, नुकसानभरपाई यांचे प्रश्न येतात. तरीही नोकरीचा करार केला म्हणून एखाद्याने त्या जागी काम केलेच पाहिजे, असा हुकूम न्यायालय सामान्यतः देत नाही. कारण माणसाची सेवा ही गोदामातील कापसाच्या गाठीसारखी उचलून देण्याची वस्तू नव्हे. आपल्या संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने सक्तीच्या श्रमाला बंदी घातली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरविली, ती याच जाणिवेने. तेव्हा त्या मुलीला कोणी बांधून ठेवू शकत नाही, हे उघड आहे. कायदा येथवर येतो आणि थांबतो. जे अंगण तो मोकळे सोडतो, तेथे सद्‌सद्विवेकाला उभे राहावे लागते.

आमच्या भागातील शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. कागद होत नाही. दोन माणसे ओसरीवर बसतात, वर्षाचे पैसे ठरतात, धान्य ठरते, थोडी उचल दिली जाते आणि सौदा पुरा होतो. त्यानंतर पेरणीच्या तोंडावर गडी सोडून गेला तर गाव त्याला बोल लावतो. आणि मालकाने कबूल केलेले धान्य दिले नाही तर गाव मालकालाही बोल लावतो. निदान लावावा, अशी रीत आहे. प्रत्यक्षात बोल कोणाला अधिक लागतो आणि कोण सहज सुटतो, हे गावात राहणाऱ्यांस सांगावयास नको. ही गोष्ट ध्यानात ठेवू; तिच्याकडे पुन्हा येऊ.

आता शुभवर्तमान काय सांगते ते पाहू. संत मत्तयच्या एकविसाव्या अध्यायातील दोन मुलांचा दाखला सर्वांना ठाऊक आहे. बापाने दोघांनाही द्राक्षमळ्यात कामास जाण्यास सांगितले. एक नाही म्हणाला, पण मागाहून पस्तावून गेला. दुसरा मोठ्या अदबीने हो म्हणाला आणि गेला नाही. प्रभूने हा दाखला कोणत्या संदर्भात सांगितला ते येथे बाजूस ठेवू. आमच्या मनात घर करून राहतो तो त्यातील साधा व्यवहार. ‘नाही’ दुरुस्त करणे सोपे असते. नकार देणारा पुढे आला तर सर्वांना आनंदच होतो. ‘हो’ मात्र तसे दुरुस्त होत नाही. ज्या क्षणी दुसरा मुलगा हो म्हणाला, त्या क्षणी बाप मळ्याच्या काळजीतून मोकळा झाला. त्याने दुसरा मजूर पाहिला नाही. दिवस मावळला तेव्हा काम पडून होते. मुलाचा अपराध केवळ तो गेला नाही एवढाच नाही. त्याच्या होकारावर बाप विसंबला, आणि त्या विसंबण्याची मुलाने पर्वा केली नाही.

येथे आम्हांस या प्रश्नाची किल्ली सापडते असे वाटते. आपण म्हणतो, मी शब्द ‘दिला’. पैसे देतो, शेत देतो, तसाच शब्द देतो. दिलेली वस्तू मग कोणाची? ज्याला दिली त्याची. होकार देईपर्यंत तो आपला असतो. दिल्यानंतर तो दुसऱ्याच्या घरी गेलेला असतो. त्याच्या भरवशावर त्या घरातील माणसे आपले बेत आखतात, कोणाला तरी परत पाठवितात, कोणती तरी चिंता मनातून काढून टाकतात. तो होकार आपल्याला परत हवा असेल, तर मागून घ्यावा लागेल. मध्यरात्री जाऊन उचलून आणता येणार नाही.

पण परत मागणे केव्हाही गैरच, असे समजावे काय? स्तोत्रसंहितेतील पंधरावे स्तोत्र परमेश्वराच्या मंडपात राहण्यास योग्य अशा माणसाचे वर्णन करते, आणि स्वतःचे नुकसान झाले तरी जो वचन बदलत नाही, त्याला त्यात मानाचे स्थान देते. ही पायरी उंच आहे, आणि ती उंच आहे हे आपण नाकारू नये. तरीही पवित्र ग्रंथातच एक बेत बदलल्याची हकीकत आहे, आणि तो बदलणारा दुसरा तिसरा कोणी नसून संत पौल आहे. करिंथला येतो असे त्याने कळविले होते. ठरल्याप्रमाणे तो गेला नाही. करिंथकर रागावले. हा माणूस एकाच तोंडाने हो आणि नाही म्हणतो, अशी कुजबुज झाली. दुसऱ्या पत्राच्या प्रारंभीच पौलाला याचे उत्तर द्यावे लागले. मी चंचलपणाने वागलो नाही, तुम्हांला दुःख होऊ नये म्हणून आलो नाही, असा त्याचा आशय आहे. पौलाने बेत बदलला. पण तो गप्प बसला नाही, लपला नाही. ज्यांच्यापाशी त्याचा शब्द होता त्यांना त्याने तोंड दाखविले.

संत थॉमस अक्वायनस यांनी असत्याची मीमांसा करताना हेच उदाहरण घेतले आहे. वचन देताना ते पाळण्याचा हेतू असेल तर ते देणारा खोटे बोलत नाही. पुढे ते पाळले नाही, तर दोन प्रसंगी त्याला दोष लागत नाही: जे कबूल केले ते उघड अधर्माचे असेल तर, किंवा माणसांची व कामाची परिस्थिती बदलली असेल तर. पौल करिंथला गेला नाही तो वाटेत अडचणी आल्या म्हणून, असे सांगून थॉमस त्याला असत्याच्या दोषातून मुक्त करतात. आम्ही सेमिनरीत हे शिकलो तेव्हा वाटले, हे फार सोयीचे आहे. परिस्थिती तर रोजच बदलते! पुढे लोकांत राहून कळले की ही कसोटी सोयीची नाही, कठोर आहे. कारण प्रत्येकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे लागते, बदलले ते काय? परिस्थिती बदलली, की माझा मोह जागा झाला?

बाप अंथरुणाला खिळला, मुलीला दूर जाणे अशक्य झाले, तर परिस्थिती बदलली. रुजू झाल्यावर कळले की सांगितलेले काम वेगळेच आहे, किंवा खोट्या नोंदी करावयास लावतात, तर परिस्थिती बदलली. तेथे तर सोडून जाणे हेच कर्तव्य. पण दुसरीकडे पगार अधिक मिळतो, ही परिस्थिती बदलली असे म्हणता येईल काय? जगात कोठेतरी अधिक पगार असणारच, हे होकार देतानाही आपल्याला ठाऊक होते. उलट, त्याच अधिक पगाराने सावकाराच्या दारातील बापाची पत राहणार असेल, तर तो केवळ मोह आहे असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. नियम स्पष्ट असतो. घर मात्र प्रत्येकाचे निराळे असते.

आम्ही ज्या जिल्ह्यात राहतो त्याचा अलीकडचा इतिहासच एका पाळलेल्या शब्दातून घडला आहे. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीचा आश्रम सोडून दांडीला निघाले ते स्वराज्य मिळाल्याशिवाय तेथे राहावयास परतणार नाही असा निश्चय करून. तो निश्चय त्यांनी सोयीनुसार वाकविला नाही, आणि म्हणून त्यांचे बिऱ्हाड वर्ध्याला आले. १९३६ साली ते सेगावात राहू लागले. त्याच खेड्याला पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले.

सेवाग्रामपासून जवळच, पवनारला, धाम नदीच्या काठी ज्यांनी देह ठेवला त्या विनोबांच्या आयुष्यात तर आमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. २५ मार्च १९१६ रोजी ते इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला जाण्यास निघाले. वाटेत सुरतेला उतरले आणि काशीची गाडी धरली. परीक्षेला बसेन अशी वडिलांची अपेक्षा होती, आणि ती त्यांनी मोडली. मात्र वडिलांना त्यांनी अंधारात ठेवले नाही. मुंबईस जात नसून दुसरीकडे जात आहे, पण हातून काही गैर घडणार नाही, असे पत्राने कळविले. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, गांधीजींच्या आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन ते वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी अध्ययनासाठी गेले. वर्ष पुरे झाले त्याच दिवशी ते आश्रमात हजर झाले. गांधीजी ती मुदत विसरूनही गेले होते. त्यांनी ही सत्यनिष्ठा म्हणून वाखाणणी केली, तेव्हा आपण ती गणिताची आवड म्हणून मानतो, असे विनोबा म्हणाले. १९२१ च्या एप्रिलमध्ये तोच तरुण वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घेऊन आला, आणि मग वर्ध्याचाच झाला. सुरतेला उतरणारा आणि वर्षाच्या दिवशी परतणारा माणूस एकच. पहिल्या वेळी त्याने पत्र लिहिले, दुसऱ्या वेळी तारीख पाळली. दोन्ही वेळा आपल्यावर विसंबलेल्या माणसाला त्याने विसरले नाही.

विनोबांनी बडोदे सोडले त्यानंतर दीड वर्षाच्या आतच दुसरा एक तरुण त्याच शहरात नोकरीसाठी उतरला. त्याची हकीकत अगदी निराळी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना बडोदे संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली होती, आणि त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी १९१३ च्या जूनमध्ये लिहून दिला होता. ठरल्याप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरमध्ये ते बडोद्याला गेले. पण त्या शहरात त्यांना राहावयास कोणी जागा देईना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत ते कसेबसे राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना तेथून घालवून देण्यात आले. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी दिवस काढला आणि रात्री मुंबईची गाडी धरली. दहा वर्षांचा करार अकरा दिवसांत संपला.

येथे शब्द कोणी मोडला? कागद पाहणारा म्हणेल, सही करणाऱ्याने. आम्ही तसे म्हणणार नाही. सेवेचा होकार कधीच एकटा नसतो. समोरून आलेला दुसरा होकार त्याच्या जोडीला असतो, लिहिलेला असो वा नसो: तुला माणसासारखे वागवू, उभे राहावयास जागा देऊ, कबूल केले ते देऊ. तोच मोडला तर पहिल्याला कोणत्या तोंडाने बोल लावावा? सालगड्याच्या बाबतीत गावाचा बोल एकाच अंगाला लागतो असे आम्ही वर म्हटले, ते याचसाठी. आजही नेमणुकीचे पत्र देऊन ऐनवेळी ‘जागा रद्द झाली’ म्हणून कळविणाऱ्या संस्था आहेत. मुलामुलींची मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून ठेवणारी कार्यालये आहेत. एक पगार लिहून घेऊन दुसरा हातावर ठेवणारेही आहेत. आपल्या ख्रिस्ती संस्थांनी या बाबतीत स्वतःला वगळू नये. सेवाभावाचे नाव घेऊन सेवकाचा हक्क कापणे हेही वचनभंगच आहे. तरुणांनी शब्द पाळावा असे ज्यांना वाटते, त्यांनी तरुणांना दिलेला शब्द आधी पाळावा.

“कंपन्या आम्हांला एका दिवसात काढून टाकतात, मग आम्ही का विचार करावा?” असे आमच्या धर्मग्रामातील मुले विचारतात. त्यात तथ्य नाही असे नाही. हजार माणसांच्या कारखान्यात एक जण आला नाही तर दुसऱ्या दिवशी दुसरा मिळतो. पण ज्या रुग्णालयात रात्रपाळीला एकच परिचारिका असते, तेथे एकीचे न येणे म्हणजे रात्रभर ओसाड वॉर्ड. शब्दाचे मोल दोन्हीकडे सारखे असले तरी तो मोडल्याने होणारी जखम सारखी नसते. म्हणून ‘मला किती फायदा’ या प्रश्नाच्या आधी ‘माझ्यावर कोण विसंबून आहे’ हा प्रश्न विचारावा.

हे लिहीत असता आमच्याच एका जुन्या कागदाची आठवण आम्हांला टाळता आलेली नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दूरच्या एका जंगलपट्टीतील खेड्यात मुलांसाठी छोटेसे वसतिगृह सुरू करावयाचे होते. वरिष्ठांनी निवड आमच्यावर सोपविली, आणि आम्ही हो म्हणालो. त्या गावी जाऊन आलो, मुलांची नावे लिहून घेतली, जूनमध्ये येतो असे सांगितले. मे महिन्यात पुढील शिक्षणाची संधी चालून आली. आम्ही वरिष्ठांना दोन ओळींचे पत्र लिहिले. त्यांनी ते मान्य केले. रीतसर सर्व काही झाले होते. गावाला मात्र आम्ही काहीच कळविले नाही. कोणी तरी कळवील, असे धरून चाललो.

काही वर्षांनी एका लग्नात त्या गावचे एक वृद्ध गृहस्थ भेटले. आम्ही ओशाळून विषय काढला. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “पोरं आठवडाभर पेट्या घेऊन एस.टी.च्या थांब्यावर जात होती, फादर. तुम्ही आला नाहीत एवढं कळलं. का, ते कोणी सांगितलं नाही.” वसतिगृह त्या वर्षी सुरू झाले नाही. त्या मुलांपैकी काही पुन्हा शाळेत गेलीच नाहीत. आम्ही शिकलो त्या शिक्षणाचा पुढे पुष्कळांना उपयोग झाला, असे लोक म्हणतात. तो झाला असेलही. पण त्या उपयोगाने त्या आठवड्याची भरपाई होत नाही. शिक्षणाला जाणे हे आमचे पाप होते असे आम्हांला आजही वाटत नाही. आमचे पाप ते न लिहिलेले दुसरे पत्र होते. ज्यांच्यापाशी होकार ठेवला होता, त्यांच्याकडून तो आम्ही मागून घेतला नाही.

दोन दिवसांनी ती मुलगी आली तेव्हा आम्ही तिला हीच हकीकत सांगितली. मग म्हणालो, “बाळ, कोठे जावे हे आम्ही सांगणार नाही. घराचे ओझे तुझ्या खांद्यावर आहे, आमच्या नाही. पण तुझा होकार त्या रुग्णालयापाशी आहे. तो तुला हवा असेल तर तेथे जा आणि समोर बसून माग. फोनवर नको, निरोप पाठवून नको. खरे कारण सांग; आजाराचे सोंग करू नकोस. त्यांची अडचण काय होते ते विचार, आणि ती दूर करण्यासाठी तुझ्याने होईल ते कर. त्यांनी रागावून बोलले तर ऐकून घे. तो राग त्यांचा हक्काचा आहे.”

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने गेली. रुग्णालय चालविणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिचे सर्व ऐकून घेतले, आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तू आलीस, हे बरं केलंस. पण जूनमध्ये पेरण्या सुरू होतात. साप चावलेली माणसं रात्री-बेरात्री येतात. माझ्याकडे रात्रीला दुसरं कोणी नाही.” मुलीने तेथूनच नागपूरला फोन लावून एक महिन्याची मुदत मागितली. ती मिळेल अशी तिला आशा नव्हती, पण मिळाली. जून महिनाभर तिने त्या लहान रुग्णालयात रात्रपाळी केली. मुलाखतीच्या दिवशी तिच्या शेजारी बसलेली, आणि तिच्यामुळे परत गेलेली एक मुलगी होती; तिचा नंबर शोधून तिने फोन केला. त्या मुलीने एव्हाना दुसरी नोकरी धरली होती. पण तिने आपल्या मागच्या वर्गातील एकीचे नाव सांगितले, आणि जूनच्या अखेरीस ती रुजू झाली.

ही हकीकत गोड शेवटाची म्हणून आम्ही सांगितली नाही. नागपूरने मुदत नाकारली असती तर? डॉक्टरबाई म्हणाल्या असत्या की मी तुला सोडीत नाही, तर? मुलीने आम्हांला हे विचारले होते. आम्ही म्हणालो होतो, “तर तुला निवड करावी लागेल, आणि ती जड जाईल. राहिलीस तर नुकसान सोसशील. गेलीस तर ऋण घेऊन जाशील, आणि ते फेडण्याचा मार्ग पुढे शोधावा लागेल. पण दोन्हींत तू लपलेली नसशील.” याहून सोपे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि आजही नाही.

आईबापांना मात्र एक विनंती आहे. आपल्याकडे नाही म्हणण्याची भीड फार. समोरचा माणूस मोठा असला की तोंडातून हो निघते, आणि ‘पुढे पाहू’ असे मनाशी म्हणून आपण मोकळे होतो. भीड भिकेची बहीण, असे जुनी माणसे म्हणत आली, ते खोटे नाही. मुलांना हो म्हणण्यापूर्वी थांबावयास शिकवावे. “मला चार दिवस विचाराला द्या” असे नम्रपणे म्हणणे हा उद्धटपणा नाही. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने सांगितले ते याच शहाणपणासाठी. दुसऱ्या जागेचे उत्तर यावयाचे असेल तर पहिल्या जागी ते सांगून टाकावे. त्याने एखादी संधी जाईल. पण जो होकार मागाहून दिला जाईल तो भक्कम असेल. आणि मुलाने होकार देऊन झाल्यावर अधिक चांगली जागा आली, तर ‘फोन उचलू नको’ हा सल्ला कृपा करून देऊ नये. त्या एका सल्ल्याने घरात जे शिकविले जाते ते दहा वर्षांच्या धर्मशिक्षणाने पुसता येत नाही.

आपल्या श्रद्धेचा आरंभच एका होकारातून झाला आहे. नाझरेथच्या कुमारीने देवदूताला तो दिला, आणि प्रश्न विचारून, समजून घेऊन दिला. तिने तो परत मागितला नाही, बेथलेहेमात नाही आणि क्रुसाखालीही नाही. आपले होकार तिच्या होकाराएवढे मोठे नसतात, आणि आपल्याला ते कधी कधी परत मागावे लागतात. मागताना तोंड लपवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. त्या गावच्या थांब्यावर पेट्या घेऊन उभी राहिलेली मुले आता मोठी झाली असतील. त्यांच्यातील काहींचा पत्ता आम्ही या वर्षी शोधला आहे. पत्र फार उशिरा जात आहे, पण यावेळी ते दोन ओळींचे नाही.